ऐंशी वर्षांचा मळ

रेगेन्सबर्ग,
कोजागिरीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप दीनानाथमामांच्या चरणी,

डान्यूबकाठच्या या श्रीधरचा साष्टांग नमस्कार पोचावा. (ऑक्टोबरातच इथली फरशी इतकी गारठते की आठही अंगं टेकवणं डॉक्टरला मान्य होणार नाही, पण नमस्कारात एकही अंग कमी धरू नये.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामी तुम्हाला जिना एकट्यानं उतरू देत नाहीत असं कळलं, ते फार योग्य करतात. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्याला आता एक पिढी उलटली, तरी मंडईत गेलात की तुम्ही भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघता, आणि वाकलेलं सरळ व्हायला मग दोन माणसं लागतात. काटा खोटा असला तर असू द्यावा, मामा. गुडघा अस्सल आहे, तो परत मिळायचा नाही. इकडे कुंदा बरी आहे, तनया परीक्षेत आहे (म्हणजे घरात असून नाही), आणि तुमच्या धाकट्या भगिनी शुभदाताई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऑगस्टपासून आमच्याकडे असून त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावं, कारण पुढचा मजकूर वाचताना तुम्हाला त्यांची काळजी वाटेल. मीही ठीक आहे, असं लिहायची रीत आहे.

फोन न करता पत्र लिहायला बसलो याचं कारण असं की तुमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि आमच्याकडे भिंती पातळ आहेत. आई पलीकडच्या खोलीत आहेत, आणि हा विषय त्यांच्या कानावर आणखी एकदा जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. शिवाय पत्रासोबत एक लहान पाकीट येत आहे. कुंदाच्या ऑफिसातली ऋचा मंगळवारी पुण्याला निघते, ती ते साताऱ्याला पोचतं करील. पाकीट आधी उघडू नये. (उघडलंच असेल, तर निदान हलवाहलव न करता वाचत राहावं.)

मागच्या पाडव्याला तुम्ही फोनवर जे फर्मान सोडलंत त्याची आठवण देतो. गावच्या वाचनालयात माजी सैनिकांचं दालन होणार, त्यात तुमच्या वडिलांचा, म्हणजे आपल्या नानांचा, फोटो लागणार, आणि फोटोखालच्या काचेत नानांच्या डिव्हिजनचं दंडावरचं चिन्ह हवं. तांबड्या बनातीवर तारेनं भरलेली, एका देठाची तीन पिवळी फुलं. नाना इटलीच्या लढाईतून परत आले तेव्हा ते त्यांच्या दंडावर होतं. पुढे गणवेश गोधडीत गेला आणि चिन्ह कुठे गेलं ते कोणालाच माहीत नाही. "तुम्ही तिकडे असलं काहीबाही गोळा करता म्हणे," तुम्ही म्हणालात, "मग शोधा. पण जावईबापू, नक्कल चालायची नाही. माझ्या बापाच्या फोटोखाली मी खोटी वस्तू ठेवणार नाही. नाहीच मिळालं तर काच रिकामी ठेवीन आणि खाली लिहीन, इथे वस्तू नाही." दालन समितीचे अध्यक्ष शरदचंद्र गुरुजी यांनी सैनिकाची म्हणून आणलेली तलवार तुम्ही भर सभेत हातात घेतलीत, मुठीचा सोनेरी रंग तुमच्या तळव्याला लागला, आणि तो तळवा तुम्ही सर्वांना दाखवलात, हेही त्याच फोनवर कळलं. (तलवार नाटक मंडळीच्या ट्रंकेतली निघाली. गावात तीन पिढ्यांनी तिच्यावर टाळ्या वाजवल्या आहेत, एवढा तरी मान तिला द्यायला हवा होता.) तेव्हा येत्या पाडव्याला दालन उघडेल त्या दिवशी गुरुजी चष्मा पुसून तुमच्या काचेपाशी उभे असतील, हे मी धरून चाललो आहे.

आता माझ्या गोळा करण्याविषयी. या देशात माणूस पन्नाशीला टेकला की त्याला विचारतात, तुमचं फेराइन कोणतं? फेराइन म्हणजे मंडळ. त्याला घटना असते, खजिनदार असतो आणि आपसांत एक जुनं भांडण असतं. सशांची पैदास करणाऱ्यांचं एक आहे, लोंबत्या कानांच्या सशांची पैदास करणाऱ्यांचं दुसरं आहे, आणि दोन्हींचं एकमेकांशी पटत नाही. गाड्यांच्या कारखान्यात दिवसभर गिअरबॉक्सचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला शांतता हवी होती, पळणं नको होतं, गाणं येत नव्हतं, म्हणून मी गणवेशांवरच्या भरतकामी चिन्हांच्या अभ्यासकांत शिरलो. महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी एका गास्टहाउसच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो, बिअर मागवतो, तिला हात न लावता हात धुतो, आणि मग एकेक जण आपलं चिन्ह मखमलीवर ठेवतो. यानंतर बाकीचे सगळे मिळून ते खोटं ठरवतात. अध्यक्ष हेर (म्हणजे श्रीयुत) फोग्ल निवृत्त दंतवैद्य आहेत, ते डोळ्याला भिंग लावून चिन्हाकडे किडलेल्या दाढेकडे पाहावं तसं पाहतात आणि "आल्झो...", म्हणजे "तर मग...", एवढंच म्हणून थांबतात. त्या थांबण्यात माणसाचा घाम निघतो. (इथल्या इतिहासातल्या त्या बारा वर्षांची चिन्हं आमच्या मेजावर येत नाहीत. कायदा आहे, आणि कायदा नसता तरी आमच्यातल्या बहुतेकांना लाज आहे. बहुतेकांना.)

नक्कल ओळखण्याचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही मापं तपासण्यात आयुष्य घालवलंत, तुम्हाला ते आवडेल. चिन्हाचं तोंड पाहायचं नाही, आधी पाठ पाहायची. आपल्याकडे बायका दुकानात पदर उलटा करून बघतात ना, तसंच. तोंड सजवायला नकली माणसालाही हुरूप असतो; पाठीपर्यंत येईतो तो कंटाळतो. (फोग्ल म्हणतात हे माणसांनाही लागू आहे. मी आमच्या ऑफिसात लावून पाहिलं, गेनाऊ, म्हणजे तंतोतंत.) मग जांभळ्या उजेडाची बॅटरी मारायची. हल्लीच्या साबणात आणि हल्लीच्या धाग्यात पांढरं अधिक पांढरं दिसावं म्हणून काही घालतात, ते त्या उजेडात निळसर पेटतं. जुना धागा मात्र अंधारा राहतो. सुटलेला धागा मिळाला तर त्याचं टोक जाळून बघायचं, सुताची राख होते आणि प्लॅस्टिकचा मणी. तारेवर चढलेली काळी झाक बघायची, ती पोटातून आलेली आहे की वरून फासलेली. आणि शेवटी वास. नवी नक्कल म्हातारी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवतात, आणि मंडळात मला जो काही मान आहे तो या वासावरच मिळाला. चहा त्यांच्याही नाकाला कळतो. पण एका चिन्हाला मी हुंगून म्हणालो की यात वेलची आहे. फोग्लनी हुंगलं, डोळे मिटून पुन्हा हुंगलं, आणि म्हणाले, हो, माझी बायको नाताळात असला केक करते. ज्यानं ते फ्रान्सच्या रणभूमीवरचं म्हणून आणलं होतं तो सभासद त्यानंतर सशांकडे गेला.

एवढी विद्या पदरी असताना तुमचं चिन्ह शोधायला किती वेळ लागणार, असं मला वाटलं होतं. मामा, जर्मनीत जितकी घरं आहेत त्याहून जास्त माळे आहेत, आणि प्रत्येक माळ्यावरून कोणाच्या तरी आजोबांची ट्रंक नुकतीच खाली आलेली असते. प्रत्येक फ्लोमार्क्टात, म्हणजे रविवारच्या जुन्या बाजारात, मी तीन फुलं विचारत फिरलो. पहिलं मिळालं त्याच्या पाठीला कापलेल्या लेबलाचा कोपरा शिल्लक होता. दुसऱ्यात देठ तीन आणि फुलं दोन होती. विकणारा म्हणाला, एक लढाईत पडलं. तिसरं मात्र असं होतं की मीही फसलो असतो. खरी तार, जुन्या पद्धतीचे टाके, पाठही कंटाळा न करता केलेली. फक्त बॅटरी मारल्यावर पाठीमागचा धागा निळा पेटला. ते कोणीतरी अलीकडेच, कुठल्यातरी गल्लीत मान मोडून बसून हातानं भरलेलं होतं. खोट्या फुलांनाही खऱ्या फुलांइतकाच वेळ लागतो, हे तेव्हा प्रथम जाणवलं, आणि त्याला खोटं म्हणताना जीभ जरा अडखळली. (अडखळली तरी म्हणालो.) आमच्यात पद्धत अशी आहे की उत्तम नक्कल फेकायची नाही, डोळा तयार व्हावा म्हणून ती अस्सलच्या शेजारी ठेवायची. मी ती ठेवली. अस्सल मिळायचं होतं.

ते मिळालं केलहाइमजवळच्या एका खेड्यात, हेर आयग्नर नावाच्या विधुर म्हाताऱ्याकडे. त्यांचे वडील लढाईच्या शेवटी इटलीत कैदी झाले होते, आणि पहाऱ्यावरच्या एका हिंदी शिपायानं त्यांना आपल्या दंडावरचं चिन्ह उसवून दिलं. का दिलं, ते वडिलांनी सांगितलं नाही आणि मुलानं विचारलं नाही. त्यांच्या घरात लढाईबद्दल विचारायची पद्धत नव्हती. चिन्ह चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तकात दाबून ठेवलेलं होतं. पहिल्या भेटीत त्यांनी मला फक्त मनुकांचा केक दिला. दुसऱ्या भेटीत चिन्ह लांबून दाखवलं आणि पुस्तक मिटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, कुठे ठेवणार? मी नानांचं सांगितलं, गावाचं सांगितलं, रिकाम्या काचेचंही सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे तो पहारेकरी तुमचे आजेसासरेच असतील?"

मामा, हो म्हणालो असतो तर गोष्ट फार सुंदर झाली असती. पाडव्याच्या दिवशी गावात सांगायला, वर्तमानपत्रात छापायला, सगळ्यालाच. पण तुमचा तो रंग लागलेला तळवा डोळ्यांसमोर आला. मी म्हणालो, माहीत नाही. त्या डिव्हिजनमध्ये हजारो होते.

"गूट," म्हातारा म्हणाला. "तुमच्या आधी दोघे येऊन गेले. दोघांचेही आजोबा तेच निघाले." आणि पुस्तक उघडून चिन्ह माझ्या हातावर ठेवलं. पैशाचा विषय काढला तर रागावले. म्हणाले, मी गेलो की मुलगा सगळं कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकणार आहे, त्यानं कंटेनरची चौकशीसुद्धा करून ठेवली आहे.

घरी येऊन मी पडदे ओढले आणि बॅटरी मारली. काळोख. नुसता काळोख. तारेवर ऐंशी वर्षांची झाक, पाठ नेटकी, तिला जुन्या कागदाचा वास, एका कडेला सुताचा सुटलेला धागा. पाचही कसोट्यांना उतरलेलं चिन्ह मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते मी त्या उत्तम नकलेच्या शेजारी, एकाच डबीत ठेवलं. फोग्ल म्हणाले, खूणचिठ्ठी लावा. मी म्हणालो, चिठ्ठी कशाला, एक पेटतं आणि एक पेटत नाही. हे वाक्य मी कोणत्या स्वरात म्हणालो ते लिहीत नाही. तुम्ही मला ओळखता.

यानंतर खंडेनवमी आली.

मी कारखान्यात होतो. संध्याकाळी दार उघडलं तर धुपाचा वास. (इथे धूप लावायचा तर आधी छताचा धुराचा भोंगा उतरवावा लागतो. तो फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवलेला होता.) हॉलमध्ये पाट, पाटावर लाल कापड, आणि त्यावर आमच्या घरातली सर्व शस्त्रं: भाजीची सुरी, माझा स्क्रूड्रायव्हरचा संच, भिंत पोखरायचं यंत्र, तनयाच्या सायकलचा पाना, कुंदाचा लॅपटॉप. मधोमध, बाल्कनीतल्या झेंडूच्या पाकळ्यांत, दोन चिन्हं झळाळत होती. झळाळत हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. लग्नात आहेराला आणलेल्या दोन वाट्यांसारखी.

"अहो श्रीधरराव," आई म्हणाल्या, "ऐंशी वर्षांचा मळ होता हो! पाणी बघायला हवं होतंत. काळंकुट्ट!"

मी विचारलं, पाणी कुठे आहे. का विचारलं ते अजून कळलेलं नाही.

"ओतलं की. ठेवायचं होतं?"

"शस्त्रं धुवूनच पुजतात," कुंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. "तू धुऊ नका म्हणून कुठे सांगितलं होतंस?"

"दोन्ही धुतलीत?"

"मग?" आई म्हणाल्या. "एकाला आंघोळ आणि दुसऱ्याला नाही, सणाच्या दिवशी बरं दिसतं का ते? नानांच्या पलटणीची दोन्ही."

इथे तनयाची खोली उघडली, "इष हाब्स गेझाग्ट, पपा, निष्ट वाशेन!" एवढं ऐकू आलं, आणि खोली बंद झाली. मी सांगितलं होतं, धुऊ नका, असा त्याचा अर्थ. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "पोर काहीतरी म्हणाली खरी. पण ती रोजच काहीतरी म्हणते."

काय काय केलं ते मी शांतपणे विचारून घेतलं, आणि तुमच्या भगिनींनी तितक्याच शांतपणे, काहीशा अभिमानानं, सांगितलं. तार चिंचेनं घासली, आपण देवाची तांब्याची भांडी घासतो तशी, अगदी हलक्या हातानं. मग पांढऱ्या कपड्यांसाठीचा जो द्रव असतो त्यात भिजवलं, शेवटच्या पाण्यात लव्हेंडर घातलं. सुटलेला धागा लोंबत होता, तो बरा दिसेना म्हणून कात्रीनं साफ केला. पाठीमागचे टाके दोन्हींचे सैल झाल्यासारखे वाटले, म्हणून स्वतः सुई घेऊन घट्ट केले. आणि पाठ टोचू नये म्हणून दोन्हींना उरलेल्या खणाचं अस्तर लावलं. मामा, झाक, उजेड, धागा, पाठ, वास. आमच्या मंडळाला या पाच कसोट्या जमवायला दोन पिढ्या लागल्या, आणि तुमच्या बहिणीनं त्या दुपारच्या चहाच्या आत, एकही न विसरता, निकालात काढल्या. बॅटरी मारली तर दोन्ही चिन्हं निळी पेटली, आणि वर हळदीची बोटं लागली होती ती पिवळी पेटली. दिवाळी आधीच आली असं वाटावं.

मी काही बोललो नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण कुंदा तुम्हाला वेगळं सांगेल. मी एवढंच म्हणालो की तो मळ म्हणजेच त्या चिन्हाचा दाखला होता. आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटाकडे पाहिलं, आणि अक्षता पुन्हा नीट केल्या.

परवाच्या शुक्रवारी दोन्ही चिन्हं मंडळात नेली. अस्तर मी घरीच उसवलं होतं. फोग्लनी भिंग लावलं. आल्झो, म्हणाले, आणि यावेळी इतके थांबले की बिअरचा फेस बसला. मग विचारलं, हे कोणी धुतलं? मी म्हणालो, सासूबाईंनी. खोलीतल्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या. एकानं सांगितलं की त्याच्या आईनं शंभर वर्षांच्या झालरीला इस्त्री केली होती. दुसऱ्यानं नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "संग्रहाचे शत्रू तीन," फोग्ल म्हणाले, "कसर, ऊन आणि माया." यानंतर चिन्हं हातोहाती फिरली. एकाला डावं अस्सल वाटलं, एकाला उजवं, आणि मखमल फिरवली तेव्हा त्यांचं डावं-उजवंही बदललं. तारेचा तुकडा काढून तपासायचा तर फूल कापावं लागणार, आणि फूल कापायला कोणी पुढे येईना. शेवटी मतदान झालं. समसमान. अध्यक्षांचं निर्णायक मत असतं, ते फोग्लनी दिलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी एखाद्या वस्तूला खोटं म्हणायचं नाकारलं असं पहिल्यांदाच झालं, आणि ती वस्तू खरी होती की नाही हे अजून ठरायचंच आहे.

घरी आलो तेव्हा आई जाग्या होत्या. निकाल विचारला, मी सांगितला. रडतील असं वाटलं होतं, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी नानांना गणवेशात पाहिलेलंच नाही, श्रीधरराव. मी झाले तोवर सगळं गोधडीत गेलेलं. मी पाहिले ते धोतरातले, बांधावर उभे राहून लोकांशी भांडणारे. दादाला सगळं बघायला मिळालं. म्हटलं, इतक्या वर्षांनी घरात आलं आहे, तर निदान स्वच्छ तरी असावं." मग त्यांनी मला वाढलं. कालपासून त्या कोणतीच भांडी घासायला घेत नाहीत, आणि विचारलं तर म्हणतात, नको, त्यातलं काही जुनं असायचं.

तेव्हा मामा, त्यांना फोनवर काही बोलू नये. तुम्ही खोट्या मापाबद्दल कोणाला क्षमा केलेली नाही, हे सर्वश्रुत आहे. पण इथे माप खोटं नव्हतं, फक्त घासलं गेलं आहे. मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जावं. कळावं, लोभ होता तो आहेच, वाढवायचा की नाही ते पाकीट उघडल्यावर ठरवावं.

तुमचा आज्ञाधारक
(आणि शुक्रवारपासून कशाचाही तज्ज्ञ नसलेला)
श्रीधर

ता. क. पाकिटात दोन चिन्हं आहेत. एक अस्सल, एक नक्कल. कोणतं कोणतं ते मला ठाऊक नाही. पण एक कसोटी आमच्या मंडळाकडे नव्हती, ती काल जेवताना आईंच्या बोलण्यातून निघाली. त्यांनी ते तुमच्या आईकडून ऐकलेलं: लढाईनंतर नाना रजेवर आले तेव्हा तुम्ही पाच वर्षांचे होता, त्यांच्या दंडावर गाल टेकल्याशिवाय झोपत नव्हता, आणि सकाळी गालावर तारेचे वळ उठलेले असायचे. पोराला घ्यायचं तर आधी तो सदरा काढा, म्हणून तुमची आई नानांशी भांडायची. ती फुलं गालाला लागलेला माणूस माझ्या माहितीत आता जगात एकच उरला आहे. दार लावून घ्यावं. गुरुजी आले असतील तर त्यांना ओसरीवर बसवून चहा द्यावा. एकेक करून दोन्ही गालाला लावून बघावीत. ओळखीचं टोचेल ते काचेत ठेवावं.

ता. क. दुसरा. कोणतंच ओळखीचं वाटलं नाही, तर काच रिकामी ठेवा, तुमचा शब्द मोडा असं मी म्हणणार नाही. पण आईंना मात्र फोन करून सांगा, की ओळखलं. जन्मभरात एक काटा झुकता राहिला तर खात्याचं काही बिघडणार नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला आईंच्या हातात दिलं होतं. बराच वेळ काही हालचाल ऐकू येईना, म्हणून डोकावलो. त्या खिडकीशी उभ्या राहून आधी एक, मग दुसरं गालाला लावून पाहत होत्या. मला पाहून खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "दोन्ही टोचतात हो." तेव्हा काचेत लावायचं ते लावा, मामा. उरलेलं ऋचा परत येईल तेव्हा तिच्याबरोबर पाठवून द्या. मंडळाला नको आहे, आईंना हवं आहे. कोणतं पाठवलंत ते मात्र लिहू नका.